३४ नंबरच्या आठवणी: लॉस एंजेलिसमधल्या एका वाचनालयाचं प्रकरण

या प्रकरणातलं वाचनालय, तिथे काम करणारी माणसं आणि आठवणी सांगणारी कुटुंबं यांची ओळख मुद्दाम झाकली आहे. खेळाडू, सामने आणि शहराचा इतिहास मात्र जसा घडला तसा दिला आहे. वाचनालयानं आठवणी गोळा करण्यासाठी केलेल्या छोट्या गटात मी आवाज मुद्रित करण्याचं काम पाहत होते. महाराष्ट्रात गावोगावी जुन्या कुस्त्यांच्या, कबड्डीच्या, क्रिकेटच्या आठवणी गोळा करणारी मंडळी आहेत. त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, फर्नांडो वालेन्सुएला २२ ऑक्टोबर २०२४ रोजी गेला. वय ६३. तीनच दिवसांनी त्याच्या जुन्या संघाचा, लॉस एंजेलिस डॉजर्सचा, न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, पहिला सामना होता. त्या मालिकेत डॉजर्सचे खेळाडू त्याच्या ३४ नंबरचा बिल्ला लावून खेळले आणि जिंकले. विजयाची मिरवणूक निघाली १ नोव्हेंबरला, नेमकी त्याच्या वाढदिवशी. मेक्सिकन घरांत १ आणि २ नोव्हेंबर हे गेलेल्यांसाठी झेंडूची फुलं आणि फोटो मांडायचे दिवस. त्यामुळे त्या आठवड्यात शहरात आनंद कुठे संपतो आणि शोक कुठे सुरू होतो, ते सांगता येत नव्हतं.

हा माणूस कोण होता हे थोडक्यात सांगायला हवं. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या एचोवाकिला या खेड्यातल्या बारा भावंडांतला तो सर्वांत धाकटा. डॉजर्ससाठी खेळाडू हेरणारा माइक ब्रिटो दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला गेला आणि नजर खिळली ती या डावखुऱ्या पोरावर. १९७९ साली संघानं १ लाख २० हजार डॉलर मोजून त्याला विकत घेतलं. पुढे बॉबी कॅस्टिलो या पिचरनं त्याला स्क्रूबॉल शिकवला. मनगट नेहमीच्या उलट दिशेनं फिरवून टाकलेला हा चेंडू बॅटरच्या अंदाजाच्या विरुद्ध बाजूला वळतो. आपल्याकडे गुगली ज्यांना चकवते त्यांना हा धक्का लगेच समजेल.

९ एप्रिल १९८१ हा हंगामाचा पहिला दिवस. ठरलेला पिचर जेरी रॉयस दुखापतीमुळे बाहेर गेला आणि वीस वर्षांच्या फर्नांडोच्या हाती चेंडू आला. त्यानं ह्यूस्टन ॲस्ट्रोसला एकही धाव करू दिली नाही. निकाल २-०. तिथून त्यानं सलग आठ सामने जिंकले, त्यांतल्या पाचांत समोरच्या संघाला शून्यावर ठेवलं. चेंडू टाकण्याआधी पाय उचलला की त्याची नजर आभाळाकडे जायची. पोट थोडं सुटलेलं, चेहरा शेतावरच्या कुठल्याही मामेभावासारखा, इंग्रजी जवळजवळ नाही. लोकांच्या या वेडाला ‘फर्नांडोमेनिया’ असं नावच पडलं. त्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे जवळपास दोन महिने बेसबॉल बंद होतं, तरी हंगामाअखेर सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर हे दोन्ही मान त्यालाच मिळाले. एकाच हंगामात हे दोन्ही मिळवणारा तो आजही एकटाच आहे. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात त्यानं १४७ चेंडू टाकले, एकट्यानं सामना पूर्ण केला आणि ५-४ असा जिंकून दिला.

याला आणखी एक जुनं दुखणं जोडलेलं आहे. डॉजर स्टेडियम उभं आहे त्या चावेझ रवीन भागात पालो वर्दे, ला लोमा आणि बिशप या तीन मेक्सिकन-अमेरिकन वस्त्या होत्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी घरकुलांच्या योजनेसाठी त्या रिकाम्या करायला घेतल्या. घरकुलं झालीच नाहीत, जमीन पुढे डॉजर्सकडे गेली. शेवटच्या कुटुंबांना मे १९५९ मध्ये पोलिसांनी घराबाहेर काढलं आणि एप्रिल १९६२ मध्ये तिथे स्टेडियम सुरू झालं. कित्येक घरांनी त्या मैदानाकडे पाठ फिरवली होती. त्यांतल्या अनेकांची पावलं १९८१ साली पहिल्यांदा तिकडे वळली ती या पोरामुळे.

आमचं वाचनालय शहराच्या पूर्व भागात आहे आणि बहुतेक वाचकांच्या घरी स्पॅनिश बोलतात. फर्नांडो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी परतीच्या पुस्तकांच्या टेबलावर निळी टोपी आणि झेंडूची जुडी ठेवून गेलं. दुपारपर्यंत तिथे फोटो आले, जुनी बेसबॉल कार्डं आली. ग्रंथपालबाईंनी ते टेबल आवरलं नाही, उलट पुस्तकांसाठी दुसरं मांडलं. प्रकरण इथूनच सुरू झालं.

अडचण

लोकांना बोलायचं होतं. ज्यांनी १९८१ साली फर्नांडोला पाहिलं तेव्हा जे आठ-दहा वर्षांचे होते, ते आता पन्नाशी ओलांडलेले. त्यांचे आईवडील ऐंशीच्या घरात, काही गेलेलेही. आठवणी मुद्रित करून ठेवायच्या हे सहज ठरलं. त्यासाठी एक छोटा गट झाला: ग्रंथपालबाई, एक निवृत्त शिक्षक, शेवटच्या वर्षात शिकणारी शाळकरी मुलगी आणि मी.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा लक्षात आला. जो बोलायला उभा राहील तो म्हणे, ‘९ एप्रिलला मी तिथे होतो.’ स्टेडियमची क्षमता ५६ हजारांची, त्यामुळे एका खोलीत इतके साक्षीदार निघणं अशक्य नाही. पण निवृत्त शिक्षकांनी एक साधी गोष्ट सांगितली. ९ एप्रिल १९८१ हा गुरुवार होता आणि सामना दुपारचा. शाळेच्या दिवशी, भर कामाच्या वेळी, एवढी मुलं वडिलांबरोबर तिथे कशी?

सगळ्यांत अवघड निघाली ती एका भावंडांची गोष्ट. भाऊ बावन्न वर्षांचा, बहीण त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. भावानं फार सुंदर सांगितलं: वडिलांनी कामावरून आल्यावर हात धुतले, त्याला जुन्या गाडीत बसवलं, वरच्या मजल्यावरच्या स्वस्तातल्या जागा होत्या, प्रखर दिव्यांमुळे गवत खोटं वाटत होतं, समोरचा संघ फिकट निळ्या कपड्यांत होता आणि फर्नांडोनं हंगामाचा पहिला सामना जिंकला. बहीण तिथेच उठून म्हणाली, ‘असं काही झालं नाही. त्या दिवशी पप्पा कारखान्यात होते. आपण आईबरोबर स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होतो.’ भाऊ गप्प झाला. त्यांची आई मागच्या रांगेत बसली होती, तीही काही बोलली नाही. वडील काही वर्षांपूर्वी गेलेले.

दुसरा पेच वेगळा होता. पालो वर्देत जन्मलेल्या एका आजींना बोलायचं होतं. त्यांच्या थोरल्या भावानं मरेपर्यंत स्टेडियममध्ये पाऊल ठेवलं नाही. फर्नांडो मात्र त्यालाही आवडायचा, म्हणून तो अंगणात खुर्ची टाकून रेडिओवर ऐकायचा आणि जिंकल्यावरही टाळी वाजवायचा नाही. गटातल्या एकाला वाटलं की श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात घरं पाडल्याचा विषय काढला तर लोक दुखावतील.

पर्याय

भावाच्या आठवणीचं काय करायचं, यावर आम्ही बराच वेळ भांडलो. निवृत्त शिक्षकांचं म्हणणं, वाचनालयाच्या नावानं काही ठेवायचं तर ते खरं असलं पाहिजे. सामन्यांच्या नोंदी सहज मिळतात, त्यांच्याशी ताडून जे जुळत नाही ते गाळावं. ग्रंथपालबाई नेमक्या उलट टोकाला होत्या. ही न्यायालयातली साक्ष नाही, माणूस सांगतो तसं ठेवावं, तारखेवरून शोकात असलेल्याला टोकू नये.

मला दोन्ही पटत नव्हतं. गाळायचं म्हटलं तर वडिलांनी धुतलेले हात, स्वस्तातल्या जागा, ते दिवे हे सगळं एका चुकीच्या तारखेपायी फेकून द्यावं लागलं असतं. जसंच्या तसं ठेवायचं म्हटलं तर बहिणीला खोटं पाडल्यासारखं झालं असतं, आणि तिची स्वयंपाकघरातली आठवणही तितकीच मोलाची होती. हायमे हारीन १९५९ पासून २०२२ पर्यंत डॉजर्सचं स्पॅनिश समालोचन करत होते. १९८१ साली पत्रकारांसमोर फर्नांडोचे दुभाषेही तेच. हजारो घरांसाठी फर्नांडो आधी आवाजातून आला आणि मग डोळ्यांसमोर उभा राहिला. ज्यानं रेडिओवर ऐकलं तो ‘मी तिथे होतो’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलतो असं मला वाटत नाही.

तिसरी वाट शाळकरी मुलीनं सुचवली. तिला बेसबॉलचं वेड घरातून मिळालेलं. ती म्हणाली, ‘आधी त्यांनी पाहिलेला सामना कुठला, ते तर शोधूया.’

आजींच्या बाबतीत पर्याय होते वेगळा कार्यक्रम, वेगळी पुस्तिका किंवा त्याच संचात, त्याच मांडणीत त्यांची मुलाखत. वेगळा कार्यक्रम सोयीचा होता यात शंका नाही. पण त्याला आजींच्या गल्लीतलेच चार जण आले असते.

काय केलं

मुलीनं नोंदी काढल्या. १९८१ च्या हंगामातल्या फर्नांडोच्या पहिल्या नऊ सामन्यांपैकी लॉस एंजेलिसमध्ये झाले फक्त चार: ९ एप्रिलला ह्यूस्टन, २७ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्को, १४ मेला माँट्रियल आणि १८ मेला फिलाडेल्फिया. बाकीचे परगावी. भावाच्या सांगण्यात दोन गोष्टी ठाम होत्या: रात्रीचे दिवे आणि समोरच्या संघाचे फिकट निळे कपडे. दिव्यांमुळे ९ एप्रिल बाद झाला. त्या काळात दौऱ्यावर फिकट निळे कपडे घालायचे ते माँट्रियल आणि फिलाडेल्फिया. ह्यूस्टन नाही, सॅन फ्रान्सिस्कोही नाही. म्हणजे तो मुलगा गेला होता तो बहुधा १४ किंवा १८ मेला.

आणि हे दोन सामने एकमेकांच्या अगदी विरुद्ध. १४ मेला डॉजर्सनं माँट्रियलला ३-२ हरवलं, फर्नांडोचा तो सलग आठवा विजय. १८ मेला फिलाडेल्फियानं ४-० अशी बाजी मारली, आणि हीच फर्नांडोची त्या हंगामातली पहिली हार.

इथे खरा निर्णय घ्यायचा होता. भावाला सांगायचं का, आणि सांगायचं तर कसं? आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, चारचौघांत सांगायचं नाही. दुसरी, ‘तुम्ही चुकलात’ असं न म्हणता ‘तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते आम्हाला आणखी नीट समजून घ्यायचंय’ असं म्हणून पुन्हा बसायचं. लोक उड्या मारत होते का, फर्नांडो मान खाली घालून गेला का, असले सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत. सामना संपल्यावर काय झालं, एवढाच प्रश्न मोकळा ठेवायचा.

दुसऱ्या भेटीत तो बहिणीला आणि आईला घेऊन आला. आम्ही चारही सामन्यांचे कागद टेबलावर ठेवले आणि जे सापडलं होतं ते सांगितलं. तो बराच वेळ निळ्या कपड्यांवर अडला. मग म्हणाला की शेवट त्याला आठवतच नाही, कारण तो वडिलांच्या मांडीवर झोपला होता. तेवढ्यात पहिल्यांदाच आई बोलली. तिला सामना आठवत नव्हता, पण ती रात्र आठवत होती. नवरा मुलाला खांद्यावर टाकून घरी आला आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीला उशिरा पोहोचला म्हणून त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. तिकिटांवर पैसे उडवले म्हणून ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती, आणि मुलीला नेलं नाही म्हणून मुलगी रुसली होती. बहिणीला हे सारं विसरायला झालं होतं. रेडिओचा दिवस वेगळा आणि स्टेडियमची रात्र वेगळी, दोन्ही खऱ्या. भावानं लहानपणीच दोन्ही एकत्र शिवून टाकल्या होत्या.

कुठला सामना, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. आम्हीही ते तसंच ठेवलं. तिघांच्या आठवणी एकाखाली एक लावल्या आणि सोबत चारही सामन्यांचे निकाल छापले, कुठलीही टिप्पणी न करता.

हीच पद्धत मग सगळ्यांसाठी वापरली: आधी माणूस सांगेल तसं मुद्रित करायचं, मग नोंद पाहायची, मग नोंद घेऊन पुन्हा त्याच्याकडे जायचं. २९ जून १९९० च्या सामन्याबाबत याचा फार उपयोग झाला. त्या रात्री फर्नांडोनं सेंट लुईसच्या संघाला एकही हिट (फटक्याच्या जोरावर सुखरूप बेसवर पोहोचणं) घेऊ दिला नाही. तो कसा संपला हे बहुतेकांना चुकीचं आठवत होतं. शेवटचा बॅटर चेंडू हुकल्यामुळे बाद झाला असं ते सांगत. प्रत्यक्षात तो बॅटर होता पेद्रो गरेरो, फर्नांडोचा डॉजर्समधला जुना सोबती. त्याचा फटका फर्नांडोच्याच हातमोज्याला चाटून गेला आणि त्यावर दोन गडी एकदम बाद झाले. हे सांगितल्यावर एकाही माणसाचा चेहरा पडला नाही. उलट दर वेळी नवं काहीतरी बाहेर आलं: बार्बेक्यू चालू होतं, गरेरोचं नाव ऐकून काका ओरडले होते, टीव्ही शेजाऱ्यांचा होता.

आजींची मुलाखत आम्ही त्याच मांडणीत घेतली, मध्यभागी. ती कुठे ठेवायची यावर मतं पडली आणि ग्रंथपालबाईंनी आपल्या अधिकारात निर्णय दिला. मला तो त्या महिन्यातला सर्वांत धीट निर्णय वाटतो.

परिणाम

मांडणी डिसेंबरभर राहिली. मुद्रणं वाचनालयाच्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहात गेली, स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही लिखित प्रतींसह.

आजींच्या मुलाखतीवर प्रतिक्रिया संमिश्र होती. एका कुटुंबानं नाराज होऊन स्वतःचं मुद्रण परत मागितलं. फर्नांडोच्या नावाखाली संघाला नावं ठेवली जाताहेत, असं त्यांना वाटलं. आम्ही ते परत केलं. ती आठवण गेली याचं दुःख आहे, कारण तिच्यात १९८१ च्या संपाच्या काळातलं पोरांच्या गल्लीतल्या सामन्याचं वर्णन होतं आणि तसं दुसरं कुणाकडे नव्हतं. दुसरीकडे, आजींचं ऐकून आणखी दोन घरांतली माणसं पुढे आली, ज्यांच्या आजोबांची घरं ला लोमात होती. एवढी वर्षं त्यांना बेसबॉलविषयी कुणी विचारलंच नव्हतं.

३४ नंबरचा विषय जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत आला. डॉजर्सची रीत अशी की हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेलेल्या खेळाडूचाच नंबर कायमचा राखून ठेवायचा. याला अपवाद होता तो संघाचा जुना खेळाडू जिम गिलियम याचा. फर्नांडोला हॉल ऑफ फेमची पुरेशी मतं मिळाली नाहीत, आणि २००४ नंतर त्याचं नाव मतपत्रिकेवरून गेलं. १९९१ च्या मार्चमध्ये संघानं त्याला सोडलं, तेव्हापासून ३४ नंबर कुणाच्याही पाठीवर चढला नाही, तरी तो अधिकृतपणे राखून ठेवायला ११ ऑगस्ट २०२३ उजाडावा लागला. त्यानंतर फर्नांडो चौदा महिने जगला. ‘त्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं’ हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून, इतक्या सुटकेच्या सुरात ऐकलं, की मांडणीत त्या दिवसाला वेगळी जागा द्यावी लागली. आकडेवारीच्या बाजूनं बोलणारे म्हणतील की १७३ विजय आणि १५३ पराभव हा हॉल ऑफ फेमचा हिशेब होत नाही. मला वाटतं, स्टेडियमच्या दारापाशी अडलेली घरं ज्याच्यामुळे आत आली त्याचा हिशेब त्या रकान्यात मांडताच येत नाही, आणि संघानं हे ओळखायला फार वेळ लावला.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात खुल्या सभेनं व्हायला नको होती. माईक समोर आला आणि पहिल्या माणसानं ९ एप्रिल म्हटलं, की पुढच्यालाही त्याच दिवसाकडे ओढल्यासारखं होतं. भावंडांचा वादही चारचौघांत झाला नसता. आधी घरोघरी किंवा वाचनालयाच्या मागच्या खोलीत एकेकट्याशी बोलून, मग सगळ्यांना एकत्र आणणं हा क्रम बरा.

संमतीचा कागद एकाच वेळी भरून घेतला गेला, मुद्रणाच्या आधी. आपली आठवण कोणाच्या शेजारी मांडली जाणार आहे हे पाहिल्यावर लोकांना पुन्हा विचारायला हवं होतं. नाराज कुटुंबाला आजींची मुलाखत आधी ऐकवली असती, तर कदाचित ते थांबले असते. कदाचित नसतेही, पण निर्णय त्यांनी जाणून घेतला असता.

प्रश्नांचा रोख पहिल्या आठवड्यात खेळाडूवर होता: फर्नांडो कसा टाकायचा, कुठला सामना आवडता. त्यावर सगळे तेच सांगत, तो आभाळाकडे बघायचा, तो आमच्यासारखा दिसायचा. ‘तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?’ हा प्रश्न मुलीनं तिसऱ्या बैठकीत विचारला आणि मुलाखतींची लांबी दुप्पट झाली. आता प्रश्नावलीत तो पहिला आहे.

आयांना आम्ही फार उशिरा विचारलं. बेसबॉल म्हणजे बापलेकांचा मामला असं धरून चाललो होतो. पण तिकिटाचे पैसे कुठून आले, कोण घरी राहिलं, कुणाची पाळी चुकली, रेडिओ कुठल्या फळीवर असायचा हे त्यांनाच ठाऊक होतं. त्या ऐंशीच्या घरातल्या आहेत, म्हणून नव्या वर्षाच्या यादीत सर्वांत वर त्यांची नावं आहेत आणि मुलाखती त्यांच्याच स्वयंपाकघरात, स्पॅनिशमध्ये घ्यायच्या असं ठरलं आहे. दुभाष्याचं काम ती मुलगी करणार आहे.